ऑनियन रिंग्ज, दोनदा तळलेल्या

परवा शनिवारी मी घरी ऑनियन रिंग्ज केल्या. केल्या म्हणजे तीन वेळा केल्या, आणि तिसऱ्यांदा त्या झाल्या. आता तुम्ही म्हणाल, बदलापूरला राहणारा माणूस, बाहेर धो धो पाऊस, घरात कांदे, आणि हा भजी सोडून हे कसले अमेरिकन चाळे करतोय? बरोबर आहे. बाबाही हेच म्हणाले.

कारण सांगतो. आमच्याकडे आई चातुर्मास पाळते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत घरात कांदा-लसूण बंद. खरं म्हणजे पाळते ती एकटीच, पण स्वयंपाकघर तिच्या ताब्यात असल्याने पाळतो सगळेच. त्यामुळे आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी, हा आमच्या घरातला मोठा सण. भजी, थालीपीठ, झुणका, भरल्या कांद्याची भाजी... मार्चअखेरीला सरकारी खात्यात बजेट संपवतात तसा त्या दिवशी कांदा संपवायचा. यंदा मात्र नवमीच्या दिवशी आई डोंबिवलीला मावशीकडे अडकली (मावशीचा गुडघा). शनिवारी रात्री परत येणार आणि रविवारी एकादशी. म्हणजे शनिवार हाच शेवटचा दिवस. टोपलीत अकरा कांदे होते. मोजले.

कांदे मोजायला मला वेळ कुठून मिळाला, ते पुढे येईलच.

ऑनियन रिंग्ज मी पहिल्यांदा खाल्ल्या पहिल्या पगारानंतर, ठाण्याच्या एका मॉलमध्ये. प्लेटमध्ये सहा नग. म्हणजे एका कांद्याचाही पूर्ण उपयोग नाही. बिल घरी दाखवलं तर बाबा म्हणाले, एवढ्यात लासलगावहून पोतं आलं असतं. पण मला त्या आवडल्या होत्या. बाहेर काचेसारखं कुरकुरीत, आत गोडसर मऊ कांदा. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा घरी करून बघायच्या. एवढी वर्षं शनिवार कुठला तरी रिलीज, नाहीतर रिलीजनंतरची झोप यात जायचा.

तर पहिला प्रयत्न. व्हिडिओत बघून मैदा, मीठ, तिखट, पाणी, भज्याच्या पिठासारखं सरसरीत भिजवलं, चकत्या बुडवल्या, तेलात सोडल्या. दिसायला झकास! रंग वगैरे एकदम मॉलसारखा. एक उचलली, चावली, आणि आतला कांदा गांडुळासारखा सरकन् बाहेर आला. तोंडात उकडलेला कांदा, हातात रिकामं वेटोळं. दुसरी घेतली, तेच. म्हणजे पावसात भिजलेल्या बुटातून पाय काढला की मोजा आतच राहतो ना, तसं.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. (तो तीन आठवडे झोपूनच होता.)

प्रकार असा आहे. कांद्याच्या प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूला एक पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तो चिवट असतो, गुळगुळीत असतो, आणि पीठ त्याला धरतच नाही. शिवाय तो दाताने तुटत नाही, ओढला जातो. म्हणून कांदा अख्खाच बाहेर येतो. उपाय एकच: प्रत्येक चकतीचा तो पापुद्रा नखाने सोडवून काढायचा. कंटाळवाणं काम आहे. चकत्या पंधरा-वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात टाकल्या तर जरा सोपं जातं. मी तीन कांद्यांचे पापुद्रे काढत बसलो आणि एकीकडे डोळे पुसत होतो. कांद्यामुळे.

दुसरी गोष्ट पाण्याची. कांद्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आपली खेकडा भजी त्या पाण्यावरच उभी आहे: कांदा उभा चिरायचा, मीठ चोळून ठेवायचा, पाणी सुटलं की त्याच पाण्यात मावेल तेवढंच बेसन. वरून एक थेंब घालायचा नाही. रिंगचं उलटं. इथे कांद्याचं पाणी शत्रू. कांद्याला मीठ लावायचंच नाही, चकत्या फडक्याने कोरड्या करायच्या, मग कोरड्या मैद्यात घोळवायच्या आणि मगच पिठात बुडवायच्या. कोरडा थर मध्ये असला की ओलं पीठ धरून राहतं. भिंतीला पुट्टी न लावता रंग मारला तर काय होतं, ते बिल्डरकडून फ्लॅट घेतलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

यात नशीब एवढंच की आषाढातला कांदा यासाठी चांगला असतो. आत्ता बाजारात असतो तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मे मध्ये काढून चाळीत साठवलेला. घट्ट, जाड पाकळीचा. दिवाळीच्या सुमाराला नवा लाल खरिपाचा कांदा येतो, तो पाणीदार असतो आणि टिकत नाही. त्याची भजी करावी, रिंगच्या नादी लागू नये.

पिठाचाही अभ्यास केला. नुसत्या मैद्यात पाणी घालून फेटलं की ग्लुटेन तयार होतं. पोळीला ते हवं, इथे नको, कारण वेष्टण चिवट होतं आणि गार झालं की चामडं. म्हणून थोडा मैदा काढून त्या जागी कॉर्नफ्लोअर आणि तांदळाची पिठी, कारण त्यांत ग्लुटेन नसतंच. (आई भज्यात मूठभर तांदळाचं पीठ घालते, विचारलं तर "कुरकुरीत होतात म्हणून" म्हणते. उत्तर तेच, फक्त माझ्यासारखा अर्धा तास गूगल करावा लागत नाही.) आणि पाण्याऐवजी फ्रीजमधला गार सोडा. त्यातले बुडबुडे तेलात फुगतात आणि वेष्टण हलकं होतं. गार असला की ग्लुटेनही हळू बनतं. पीठ भिजवून ठेवायचं नाही, तेल तापल्यावरच सोडा ओतायचा आणि चार हात मारून सोडून द्यायचं. गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

प्रमाण हवं असेल त्यांच्यासाठी: तीन मोठे कांदे, करंगळीएवढ्या जाडीच्या चकत्या. १ वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, पाव वाटी तांदळाची पिठी, १ चमचा बेकिंग पावडर, मीठ, तिखट. सोडा साधारण सव्वा वाटी, पण हे पिठावर आहे. चमच्याच्या पाठीवर थर राहिला पाहिजे. घोळवायला मैदा वेगळा.

एवढं सगळं करून दुसरा घाणा काढला. आतला कांदा जागेवर. वेष्टण पक्कं. आणि तरी दोन मिनिटांत सगळ्या रिंगा मऊ पडल्या, ताटलीतल्या कागदावर तेलाचा नकाशा. माझ्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे (हसू नका, लोक काय काय घेतात). तेल १८० अंशांवर होतं, मी एकदम दहा रिंगा टाकल्या आणि आकडा घसरत १४० वर आला. तेल गरम असतं तोवर कांद्यातली वाफ जोरात बाहेर पडत असते, ते बुडबुडे म्हणजे वाफच, आणि वाफ बाहेर येतेय तोवर तेलाला आत शिरायला वाव कमी. तेल गार झालं की हा सगळा कारभार मंदावतो आणि पीठ तेल पीत बसतं. सर्व्हरवर एकदम लोड टाकायचा नसतो हे मी ज्युनिअर पोरांना दोन वर्षं सांगत होतो. असो.

एवढ्यात बाबा स्वयंपाकघरात आले. पेपर हातात, चष्मा कपाळावर. एक रिंग उचलून बघितली, वाकवली. ती वाकली.

"अर्धी कच्ची काढ," ते म्हणाले.

"काय?"

"अर्धी कच्ची काढायची. थोडा वेळ ठेवायची. मग कडक तेलात परत सोडायची. सन्ना पकोडा करतात तसं."

उल्हासनगरला गेलेल्यांना सन्ना पकोडा माहीत असेल. बाकीच्यांनी फक्त दाल पकवान खाल्लेलं असतं. सिंधी लोकांची ही भजी: बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर, कुटलेले धणे, अनारदाणा. आधी मोठे ओबडधोबड गोळे अर्धवट तळायचे, बाहेर काढायचे, जरा निवले की हाताने तोडून बारीक तुकडे करायचे, आणि ते तुकडे पुन्हा कडक तेलात. तुटलेली खरबरीत बाजू दुसऱ्या तळणीत अशी कुरकुरीत होते की काही विचारू नका. बेल्जियममध्ये बटाट्याच्या फ्राइज दोनदा तळतात, कोरियात चिकन दोनदा तळतात, हे मी व्हिडिओत ऐकलं होतं. पण हा शोध आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर लागलेला आहे, हे डोक्यातच आलं नाही.

कारणही सरळ आहे. पहिल्या तळणीत आतलं शिजतं आणि वरचं कवच धरतं. मग ती बाहेर ठेवली की आतलं पाणी हळूहळू कवचाकडे सरकतं. म्हणूनच तर एकदा तळलेली रिंग पाच मिनिटांत मऊ पडते. दुसऱ्यांदा कडक तेलात गेली की ते कवचात आलेलं पाणी झटक्यात उडून जातं.

म्हणून तिसरा घाणा. १६५ वर दोन मिनिटं, एका वेळी चारच रिंगा, पिवळट रंगावरच काढून जाळीवर. कागदावर नाही, कागदावर खालून वाफ कोंडते. आणि मग दहा मिनिटं थांबायचं.

ही दहा मिनिटं वाईट असतात. हातात काहीच काम नसतं. बाबा ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. गॅस बारीक. बाहेर पावसाचा एकसुरी आवाज.

"तुझा तो काळा लॅपटॉप दिसत नाही हल्ली," ते म्हणाले. "तू कॉलेजचा घेऊन बसतोस."

मी म्हटलं, दुरुस्तीला दिलाय.

"तीन आठवडे?"

आता सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी, ११ मिनिटांच्या एका कॉलमध्ये माझी नोकरी गेली. रिस्ट्रक्चरिंग. मॅनेजर कॉलवर होता पण कॅमेरा बंद. दोन महिन्यांचा पगार मिळेल, लॅपटॉप कुरिअरने पाठवा. त्याच संध्याकाळी अॅक्सेस बंद. मी पाच वर्षं लिहिलेला कोड मला बघता येईना, याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. मूर्खपणा आहे, पण वाटलं.

आणि घरी सांगितलंच नाही. सकाळी साडेनऊला दार लावून कॉलेजच्या लॅपटॉपवर बसायचं, हेडफोन लावायचे, आणि मधूनमधून "हो, हो, आय विल चेक" असं मोठ्याने म्हणायचं. कोणाशी? कोणाशीच नाही. बुधवारी-गुरुवारी ऑफिसचा दिवस असायचा, तेव्हा डबा घेऊन निघायचो. ठाण्याला उतरून, ट्रान्स-हार्बर पकडून ऐरोलीपर्यंत जाऊन, तिथल्या प्लॅटफॉर्मवर डबा खाऊन, परत. तिमाही पास संपायचा होता, तो फुकट कशाला घालवा हे लॉजिक. फ्लॅटचा हप्ता दहा तारखेला जातो. दोन वर्षांपूर्वी हा फ्लॅट घेताना बाबांनी त्यांच्या पीएफमधले उरलेसुरले घातले होते. मी कसं सांगणार होतो, सांगा?

हे सगळं मी बाबांना सांगितलं, म्हणजे असं सलग नाही. तेलाच्या कढईकडे बघत, तुटक तुटक. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तेल बघ." मी आच कमी केली.

मग त्यांनी विचारलं, "डबा कुठे खायचास?"

"ऐरोली स्टेशनवर."

"मी पाच नंबरला खायचो. एका देवळाच्या पायरीवर."

मला कळेना. पाच नंबर म्हणजे उल्हासनगर कॅम्प नंबर पाच. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये ठेवली, त्यांचं १९४९ साली उल्हासनगर झालं, पण छावणीचे नंबर अजून चालतात, पत्त्यातही आणि तोंडातही. पण बाबा तिथे डबा कधी खात होते?

२६ जुलै २००५. तेव्हा आम्ही अंबरनाथला भाड्याने राहायचो, मी आठ वर्षांचा. माझ्या आठवणीत तो पूर म्हणजे शाळेला सुट्टी, मेणबत्त्या आणि गच्चीत जमा झालेली अख्खी बिल्डिंग. बाबा एका छोट्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यात पाणी शिरलं, मशिनरी गेली, मालकाने आज चालू करतो उद्या चालू करतो म्हणत शेवटी केलाच नाही. नंतर बाबा उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमध्ये एका दुकानात हिशेब लिहायला लागले, हे मला माहीत होतं. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. मला वाटायचं ह्या दोन नोकऱ्या एकापुढे एक लागून आहेत, रिझ्युमेमध्ये असतात तशा.

"मध्ये दीड महिना होता," बाबा म्हणाले. "आईला सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचं आणि कॅम्पात एकेक दुकान विचारत फिरायचं. पाच नंबर, चार नंबर, मग रूळ ओलांडून पलीकडे. सिंधी येत नाही, टायपिंग येत नाही, फक्त स्टोअरची वही येते. कोण ठेवणार?"

"मग?"

"एक शेठ होता. म्हणाला, बसो. दुपारी चार वाजले होते, त्याच्या घरून डबा आला पकोड्यांचा. खायला लावलं, मग विचारलं, क्या काम आता है."

त्या दिवसांत बाबा कधीकधी संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले पकोडे आणायचे. मला आठवतं, कागदाला तेल लागून अक्षरं पलीकडून दिसायची. मी उड्या मारायचो. मला वाटायचं पगार झाला म्हणून आणतात. परवा विचारलं तर कळलं, दुकानात उरलेले असायचे, शेठची आई "बच्चे के लिए" म्हणून बांधून द्यायची. तिनेच बाबांना दोनदा तळायची युक्ती दाखवली होती, शेठच्या घरी कसलं तरी कार्य होतं तेव्हा.

"आईला कसं कळलं?"

"चपलेमुळे. दीड महिन्यात टाच झिजली. स्टोअरमध्ये बसणाऱ्या माणसाची टाच झिजत नाही."

मी पुढे काही विचारणार होतो, पण दहा मिनिटं होऊन गेली होती. तेल १९० वर आलं. रिंगा परत सोडल्या. आवाज वेगळाच येतो दुसऱ्या वेळी, कोरडा, तडतड. अर्धा-पाऊण मिनिट, बस्स. बाहेर काढून गरम असतानाच वरून मीठ. बाबांनी एक उचलून वाकवायला बघितली. तुटली. आत कांदा जागेवर.

"आता बरी आहे," इति बाबा. त्यांच्या मापात ही डिस्टिंक्शन.

चार रिंगा उभ्या उभ्या खाल्ल्या. आतले छोटे छोटे गोल आणि मोडके तुकडे बरेच उरले होते, कारण रिंगला कांद्याच्या बाहेरच्या तीन-चार पाकळ्याच कामाला येतात. त्याला मीठ लावून बाबांनी स्वतः खेकडा भजी काढली. त्यांना थर्मामीटर लागत नाही. पिठाचा एक थेंब टाकतात आणि तो किती वेगाने वर येतो ते बघतात. भजी तळताना ते हिशेबालाही लागले: दोन महिन्यांचा पगार, हप्ता, त्यांची एफडी कधी सुटते. "नोव्हेंबरपर्यंत ओढता येईल," म्हणाले. मी तीन आठवडे एक्सेल शीट करत होतो, माझंही उत्तर नोव्हेंबरच होतं. फक्त माझ्या शीटमध्ये एफडी नव्हती.

"आईला तू सांगायचं," ते म्हणाले. "मी सांगणार नाही."

आई नऊच्या सुमाराला आली. बदलापूर लोकल लेट होती, अर्धी भिजलेली, हातात मावशीने दिलेला फणस. दारातच म्हणाली, "कसला एवढा तळणाचा वास?" मी रिंग पुढे केली. तिने उभ्यानेच खाल्ली. "छान आहे. पण भज्याची चव नाही." मग माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि पर्स खांद्यावरच ठेवून खुर्चीवर बसली.

मी सांगितलं. या वेळी सलग सांगता आलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. बुधवारचा डबा मुद्दाम जास्त भरत होते. म्हटलं बाहेर कुठे फिरत असेल तर उपाशी नको." मी बाबांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते. सकाळचाच.

मग ती उठली, टोपलीत वाकून बघितलं. चार कांदे उरले होते.

"उद्या एकादशी. हे काय ठेवतोस? चिर सगळे. बारा वाजायला तीन तास आहेत अजून."